अष्टपादाचे कूळ

अष्टपाद हा प्राणी मुळात या पृथ्वीवरचा नव्हेच. त्याची अंडी कोट्यवधी वर्षांपूर्वी एखाद्या हिममय धूमकेतूच्या पोटात गोठलेल्या अवस्थेत आकाशमार्गाने आपल्या समुद्रांत येऊन पडली आणि त्यांतून ही निळ्या रक्ताची, तीन हृदयांची, आठ बाहूंची प्रजा निर्माण झाली, असे विधान गेल्या काही वर्षांत व्याख्यानांतून, नियतकालिकांच्या विज्ञानविषयक सदरांतून आणि भ्रमणध्वनीवर एकाकडून दुसऱ्याकडे धाडल्या जाणाऱ्या मजकुरांतून इतक्या निःशंक स्वरात केले जात आहे की, त्याचा रीतसर प्रतिवाद करणे हे प्राणिशास्त्राच्या कोणाही अध्यापकाचे कर्तव्यच होऊन बसले आहे. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर या विधानाला मोकळे रानच मिळते. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या अथवा हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर उभे राहिले असता पश्चिमेला खाली कोकण पसरलेले दिसते. परंतु त्याच डोंगरांत उगम पावणाऱ्या प्रवरा आणि मुळा या नद्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहतात, गोदावरीला मिळतात, आणि त्यांच्या पाण्याला खारटपणाचा स्पर्श होतो तो थेट आंध्रच्या किनाऱ्यावर. ज्या जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांनी जिवंत अष्टपाद कधी पाहिलेला नाही, आणि जेथे पदवीच्या वर्गातही तो फॉर्मॅलिनच्या बरणीत पांढराफटक होऊन पडलेलाच दाखवावा लागतो, तेथे त्याची पहिली ओळखच परग्रहावरील जीव म्हणून करून दिली गेली, तर ती पुढे पुसून काढणे फार कठीण जाते.

प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढण्यापूर्वी ते त्याच्या सर्वांत सबळ रूपात मांडणे न्यायाचे होईल. 2018 साली 'प्रोग्रेस इन बायोफिजिक्स अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील एडवर्ड स्टील, ब्रिटनमधील चंद्रा विक्रमसिंघे आणि अन्य मिळून एकूण 33 लेखकांच्या नावे एक दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. कँब्रियन कालखंडात प्राण्यांच्या नानाविध शरीररचना भूगर्भीय मानाने फार शीघ्र अवतरलेल्या दिसतात, त्याचे कारण पृथ्वीबाहेरून आलेले विषाणू व इतर जीवद्रव्य असावे, असा त्या निबंधाचा मुख्य रोख होता; आणि त्याच ओघात, माकूल व अष्टपाद यांची गोठलेली अंडी काही दशकोटी वर्षांपूर्वी हिमयुक्त उल्कापिंडांतून पृथ्वीवर आली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही त्यांनी लिहिले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की, शंखधारी नॉटिलस आणि अष्टपाद यांच्यामधील अंतर फार मोठे आहे. विशाल मज्जासंस्था, छायाचित्रकाच्या यंत्रासारखा डोळा, क्षणार्धात रंग पालटणारी त्वचा आणि आरएनएच्या मजकुरात स्वतःच फेरफार करण्याची विलक्षण क्षमता ही सर्व लक्षणे अष्टपादाच्या पूर्वजांत आढळत नाहीत. सबब ती बाहेरून आली असली पाहिजेत. हे लेखक अडाणी नाहीत, आणि त्यांच्यापैकी काहींनी आपापल्या क्षेत्रात मोलाचे काम केलेले आहे. म्हणून हसण्यावारी नेऊन हा प्रश्न निकालात काढणे मला प्रशस्त वाटत नाही. प्रत्येक मुद्द्याला पुराव्यानेच उत्तर दिले पाहिजे.

आधी या कल्पनेचा जन्म कसा झाला, ते पाहू. 2015 च्या ऑगस्टमध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील द्विबिंदू अष्टपादाचा संपूर्ण जनुकसंच प्रथमच प्रसिद्ध झाला. त्या संशोधनातील एक प्रमुख, शिकागो विद्यापीठाचे क्लिफ्टन रॅग्सडेल, यांनी वृत्तपत्रांसाठी दिलेल्या निवेदनात, दिवंगत ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन वेल्स अष्टपादाला परग्रहवासी म्हणत असत याची आठवण दिली, आणि त्या अर्थाने हा परग्रहवासीयाचा पहिलाच वाचलेला जनुकसंच होय, असे कौतुकाने म्हटले. वेल्स यांनी आयुष्यभर अष्टपादाच्या स्पर्शज्ञानाचा व स्मृतीचा अभ्यास केला होता. ज्या प्राण्याबरोबर इतकी वर्षे काढली त्याच्या निराळेपणाने भारावून गेलेल्या अभ्यासकाचा तो उद्गार होता. जगातील वृत्तपत्रांनी त्यातील 'त्या अर्थाने' एवढे शब्द गाळले, उरलेले ठळक अक्षरांत छापले, आणि एका अलंकारिक वचनाचे रूपांतर शास्त्रीय निष्कर्षात होऊन गेले. मूळ शोधनिबंध ज्याने उघडून पाहिला असेल, त्याला त्यात नेमके उलट आढळेल. अष्टपादाच्या जनुकसंचात सुमारे 33 हजार जनुके आहेत, म्हणजे माणसाहूनही अधिक, हे खरे. परंतु शरीराचा आराखडा घडवणाऱ्या जनुकांचा मूळ संच शिंपले, समुद्रातील गोगलगायी आणि वलयांकित कृमी यांच्याशी मिळताजुळता आहे. जेथे अष्टपाद वेगळा पडतो तेथेही त्याने मुख्यतः जुन्याचाच अमाप विस्तार केला आहे. मज्जापेशींची परस्परांशी जोडणी करण्यात ज्यांचा हात असतो त्या प्रोटोकॅडहेरिन कुलातील जनुके अष्टपादात 168 आहेत, आणि त्यांतील बहुतेक एकमेकांना लागून ओळीने मांडलेली आहेत. एकाच जनुकाच्या प्रती पुनःपुन्हा काढल्या गेल्या म्हणजे अशीच रांग तयार होते. दूरवरून आलेल्या आगंतुकाच्या दफ्तरात ती दिसण्याचे काही कारण नाही. त्या कुलाची जनुके आपल्याही मेंदूत आहेत, हे येथे सांगितले पाहिजे.

निळ्या रक्ताचा मुद्दा सभेत सर्वांत अधिक टाळ्या मिळवतो, म्हणून तो आमच्याच जिल्ह्याच्या हद्दीत निकालात काढू. अष्टपादाचे रक्त निळे दिसते, कारण त्यात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त हिमोग्लोबिन करीत नाही, तर तांबे असलेले हीमोसायनिन हे प्रथिन करते. पारनेर किंवा कर्जत तालुक्याच्या मुरमाड माळावर एखादा दगड उलथावा, त्याखालच्या विंचवाच्या शरीरात हीमोसायनिन असते. पावसाळ्यात अकोल्याच्या भातखाचरांच्या बांधावर जे खेकडे धरले जातात, त्यांच्या शरीरात हीमोसायनिन असते. विंचू आणि खेकडे यांचे हीमोसायनिन संधिपाद प्राण्यांच्या घराण्यातले, अष्टपादाहून निराळ्या घडणीचे, हे मान्य. मग तळ्यातील पायला नावाची गोल शंखाची गोगलगाय घ्यावी, जिचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी केला आहे. तिच्या रक्तातील हीमोसायनिन आणि अष्टपादाचे हीमोसायनिन ही एकाच घराण्याची प्रथिने आहेत. प्रवरासंगमाच्या चिखलात सापडणारे जीव ज्या निकषाने परग्रहावरचे ठरतील, तो निकष टाकून देणेच योग्य.

आता अष्टपादाला पूर्वज नाहीत, या आरोपाकडे वळू. तो इतक्या निर्धास्तपणे केला जातो याचे मला विशेष आश्चर्य वाटते, कारण त्याच्या भाऊबंदांची चिन्हे महाराष्ट्रातील घराघरांत आहेत. नगरच्या कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मागावा. दुकानदार पांढरी, हलकी, एका बाजूने भुसभुशीत अशी लांबट वडी काढून देईल. वैद्य ती चूर्णासाठी वापरतात, आणि पोपट पाळणारे ती पिंजऱ्यात टांगतात. ती वडी म्हणजे कवची माकुलाचा अंतर्गत शंख होय. ज्याच्या पूर्वजांचा शंख शरीराबाहेर होता, त्याने तो कालांतराने शरीरात ओढून घेतला, हलका केला, आणि पाण्यात तरंगण्याच्या कामी लावला. अष्टपाद त्याच्याही पुढे गेला: बहुतेक जातींत शंखाची केवळ दोन बारीक शलाकांएवढी खूण प्रावाराच्या स्नायूंत शिल्लक आहे. आणि या दोन टोकांमधील अवस्था पाहावयाच्या असतील, तर लेबॅनॉनच्या चुनखडीत सापडलेला, सुमारे 9.5 कोटी वर्षांपूर्वीचा क्युपिया हा अष्टपाद पाहावा. 2009 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. आठ बाहू स्पष्ट, आणि शरीरात दुभंगलेल्या शंखपत्राचे अवशेष. परग्रहावरून तयार होऊन आलेल्या प्राण्याच्या अंगात मृदुकाय पूर्वजांच्या शंखाचे क्षीण होत गेलेले अवशेष कशासाठी असावेत, याचा खुलासा प्रतिपक्षाने आजवर केलेला नाही.

याहून जवळचा दाखला आपल्या देवघरात आहे. वैष्णव घराण्यांत ज्या शाळिग्रामाची नित्य पूजा होते, तो नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात मिळणारा काळा गोटा; त्यातील चक्र म्हणजे, बहुतेक वेळा, अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या वेटोळ्या शंखाचा ठसा होय. हिमालय उंचावण्यापूर्वी तेथे जो समुद्र होता, त्यात सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी पोहत असत. अमोनाइट हे शीर्षपाद वर्गातले, अष्टपादाच्याच वर्गातले. इतकेच नव्हे, तर आज हयात असलेल्या नॉटिलसपेक्षा ते अष्टपाद व माकूल यांना अधिक निकटचे होते, असा पुराजीवशास्त्रज्ञांचा निर्णय आहे. म्हणजे नॉटिलस आणि अष्टपाद यांची दोघांचीच तुलना करून मधली दरी दाखवणे हा या प्रकरणातील सर्वांत मोठा दोष होय. त्या दरीत अमोनाइट होते, बेलेम्नाइट होते, दहा बाहूंचे आद्य शीर्षपाद होते. ते नष्ट झाले, परंतु त्यांचे शंख खडकांत राहिले. मधल्या साक्षीदारांना बाहेर बसवून पुरावा नाही म्हणण्याची ही रीत कोणत्याही कचेरीत चालणार नाही.

आरएनएच्या फेरफाराचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि त्याबाबतीत प्रतिपक्षाने एका खऱ्या आश्चर्याकडे बोट दाखवले आहे, हे मी मान्य करतो. डीएनएवरून आरएनएची नक्कल निघाल्यावर त्यातील काही अक्षरे बदलण्याची क्षमता अनेक प्राण्यांत आहे, पण प्रथिनांचीच घडण बदलेल अशा ठिकाणी हे बदल अष्टपाद, माकूल आणि कवची माकूल यांत हजारो जागी होतात. मानवात अशी ठिकाणे तुलनेने अगदी थोडी. 2017 साली 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात असे दिसले की, नॉटिलसमध्ये हे प्रमाण अल्प आहे, आणि बाह्य शंख टाकलेल्या सर्व शीर्षपादांत ते विपुल आहे. त्यातही कित्येक जागा अष्टपाद आणि माकूल या दोघांत समाईक आहेत. याचा अर्थ उघड आहे: ही प्रवृत्ती नॉटिलसपासून शाखा फुटल्यानंतर आणि अष्टपाद-माकूल विभक्त होण्यापूर्वी त्या कुळात वाढीस लागली, आणि दोन्ही वारसांकडे गेली. शिवाय हे काम करणारे विकर, ज्याला शास्त्रज्ञ अडार म्हणतात, ते आपल्या शरीरातही आहे. 2023 मध्ये तर असेही दिसून आले की, पाणी थंड झाले की अष्टपादाच्या मज्जासंस्थेत हे फेरफार मोठ्या प्रमाणावर वाढतात, म्हणजे पृथ्वीवरील समुद्रांच्या बदलत्या उष्णमानाशी जुळवून घेण्यासाठी ही यंत्रणा वापरली जाते. ज्या यंत्रणेचे उगमस्थान, हत्यार आणि उपयोग ही तिन्ही येथेच सापडतात, तिच्यासाठी आकाशात शोध घेण्याचे प्रयोजन राहत नाही.

परंतु माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो अंड्यांसंबंधी आहे. उल्केच्या अंतर्भागात जीवद्रव्य टिकू शकेल काय, हा प्रश्न वादग्रस्त असल्याचे मी मान्य करतो. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जो अशनी आदळला, त्याने सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर खोदले आणि आपला दख्खनचा काळा पाषाण, ज्यावर नगरचा भुईकोट उभा आहे तोच, वितळवून त्याची काच केली. तथापि लहान दगडी उल्केचा गाभा वातावरणातून येताना थंडच राहतो, हेही खरे आहे, आणि एखादा निद्रिस्त सूक्ष्मजीव अशा गाभ्यात तग धरील अशी कल्पना करता येते. प्रतिपक्ष सूक्ष्मजीवाचे हे उदाहरण देतो आणि त्याच श्वासात अष्टपादाचे अंडे पुढे करतो. या दोहोंत किती अंतर आहे, ते अष्टपादाची मादी कशी जगते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच समजेल.

सामान्य अष्टपादाची मादी आयुष्यात एकदाच, एखाद्या कपारीत शिरून, लक्षावधी अंडी घालते. तांदळाच्या दाण्याएवढी ही अंडी ती देठांनी एकमेकांत गुंफून त्यांचे घोस कपारीच्या छताला टांगते. त्यानंतर ती कपार सोडत नाही. आपल्या नसराळ्यातून स्वच्छ पाण्याचा झोत ती सतत त्या घोसांवर सोडते, म्हणजे आतील गर्भांना प्राणवायू मिळतो; चूषकांच्या टोकांनी एकेक घोस चाचपून त्यावरील बुरशी व गाळ काढून टाकते; जवळ येणाऱ्या माशाखेकड्यांना हुसकावते. या काळात ती प्रायः काही खात नाही. तिचे स्नायू झडतात, रंग उतरतो, त्वचेवर व्रण पडतात. पिल्ले बाहेर पडतात त्याच सुमारास ती मरते. माता काढून घेतली तर अंडी सहसा कुजून जातात. कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरेच्या खोल दरीत सुमारे 1400 मीटर खोलीवर, जेथे पाणी तीन अंशांएवढे थंड असते, एका खोलसागरी अष्टपादाच्या मादीला संशोधकांनी 2007 मध्ये अंड्यांवर बसलेली पाहिली; दूरनियंत्रित यानाने पुनःपुन्हा जाऊन ते तिला पाहत राहिले, आणि ती एकूण 53 महिने त्याच खडकावर, त्याच अंड्यांवर बसून राहिली. साडेचार वर्षांच्या जवळपास. प्राणिसृष्टीत याहून दीर्घ अंडीसंगोपन ज्ञात नाही. त्या खोलीतील थंडीत अंडी जगतात ती मातेच्या अखंड उपस्थितीमुळे, आणि तेही पाणी गोठलेले नसताना. अशा अंड्यांना निर्वात अवकाशाच्या शैत्यात युगानुयुगे ठेवून, मग वातावरणातून खाली फेकून, त्यांतून पिल्ले निघाली असे मानणाऱ्याने त्या मातेच्या देहाचा विचारच केलेला नाही. अंडे हा स्वयंपूर्ण बीजकोश नाही. माता आणि समुद्र यांच्यावाचून त्याला अस्तित्व नाही.

या मरणामागची यंत्रणाही इथलीच आहे. 1977 साली अमेरिकेतील जेरोम वोडिन्स्की यांनी अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांजवळील दृक्ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकल्या, तेव्हा त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खाऊ लागल्या, आणि बराच काळ जगल्या. ही ग्रंथी आपल्या पोषग्रंथीसारखे काम करते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. अलीकडच्या संशोधनात तिच्या स्रावांचा संबंध कोलेस्टेरॉलच्या चयापचयाशी लावला गेला आहे, म्हणजे ज्या द्रव्यापासून मानवी शरीर आपली कित्येक संप्रेरके बनवते त्याच द्रव्याशी. अष्टपादाची चयापचयक्रिया आपल्या इतकी निकट आहे.

येथे एका नावाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण या जिल्ह्यातील सभांतही ते नाव अष्टपादाच्या पाठीशी उभे केले जाते. दिवंगत जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांचे शिष्य व सहकारी, आणि हॉयल व विक्रमसिंघे यांनी जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले असा सिद्धांत मांडला. म्हणून नारळीकरांचाही या विधानास पाठिंबा होता, असा निष्कर्ष काढण्यात येतो. हा निष्कर्ष नारळीकरांवर अन्याय करणारा आहे. नारळीकरांनी काय केले? त्यांच्या नेतृत्वाखाली 2001 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगे सोडण्यात आले, आणि 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक कुप्यांत जमा करण्यात आले. 2005 च्या नमुन्यांची तपासणी हैदराबादचे पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्र आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या दोन संस्थांत स्वतंत्रपणे झाली, आणि जंतूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्यांतील एकीला हॉयल यांचे नाव देण्यात आले, दुसरीला भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे, तिसरीला आर्यभटाचे. आणि तरीही, हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आले असे या अभ्यासाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे 2009 च्या अधिकृत निवेदनात स्पष्ट शब्दांत नमूद करण्यात आले. ज्या वैज्ञानिकाने आपल्या गुरूच्या सिद्धांताची परीक्षा घेण्यासाठी इतका खटाटोप केला, आणि इतके अनुकूल फळ हाती आले असतानाही अंतिम दावा करण्याचे टाळले, त्याच्या नावाने कोणत्याही नमुन्याशिवाय अष्टपादाची अंडी आकाशातून आणली जातात, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते. नारळीकरांचा प्रश्न सूक्ष्मजीवांपुरता मर्यादित होता, आणि त्याला त्यांनी प्रयोगाचे बंधन घातले होते.

प्रतिपक्षाच्या विधानाने खरी हानी होते ती अष्टपादाच्या बुद्धीविषयीच्या आपल्या आकलनाची. ॲरिस्टॉटलने या प्राण्याला मूर्ख ठरवले होते, कारण पाण्यात हात घातला तर तो पळून न जाता जवळ येतो. आज त्याला देवदुर्लभ ठरवले जाते. दोन्ही मतांत प्राणी प्रत्यक्ष कसा घडला हे पाहण्याचे राहून जाते. शंख टाकला की संरक्षण जाते. संरक्षण गेले की मऊ मांसाच्या त्या देहाला लपणे, पळणे, फसवणे आणि आठवण ठेवणे यांवाचून गत्यंतर उरत नाही. अष्टपादाच्या सुमारे 50 कोटी मज्जापेशींपैकी दोनतृतीयांश त्याच्या बाहूंत आहेत, आणि हे बाहू मृदुकाय प्राण्याच्या एकमेव मांसल पायापासून, म्हणजे ज्यावर गोगलगाय सरपटत जाते त्याच अवयवापासून, विभागत विकसित झाले आहेत. चूषकांनी स्पर्श करताच पदार्थाची रुची समजावी, अशी त्यांची योजना आहे. 2020 साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले की, यासाठी लागणारे ग्राहक रेणू अॅसिटिलकोलिनच्या ग्राहकांपासून उत्क्रांत झाले आहेत, म्हणजे आपल्या स्नायूंना मज्जातंतूंकडून हुकूम पोचवणाऱ्या रेणूंच्याच घराण्यातले. डोळ्याचे भिंग ज्या प्रथिनांचे बनले आहे, ती विषारी द्रव्यांचे निवारण करणाऱ्या एका जुन्या विकरापासून निपजली आहेत. जुना वाडा उतरवून त्याच्याच तुळया, खांब आणि दगड वापरून नवे घर बांधावे, तसे हे सर्व आहे. आणि ज्याने नव्या घराच्या भिंतीत जुन्या तुळयांची खाच पाहिली, तो हे घर आकाशातून उतरले असे म्हणणार नाही. डोळ्याच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. आपला डोळा आणि अष्टपादाचा डोळा यांची बाह्य रचना सारखी, परंतु आपल्या दृष्टिपटलावरून मज्जातंतू प्रकाशाच्या बाजूने जातात आणि त्यामुळे एक अंधबिंदू राहतो, तर अष्टपादाच्या दृष्टिपटलात तो नाही. एकाच प्रश्नाला दोन वंशांनी स्वतंत्रपणे दिलेली ही उत्तरे आहेत. आणि दोन्हींच्या आरंभी डोळ्याची घडण चालू करणारे पॅक्स-6 हे समाईक जनुक उभे आहे, जे आपल्या आणि त्याच्या 55 कोटी वर्षांहूनही प्राचीन, कृमीसदृश पूर्वजाकडून दोघांकडे आले.

त्याच्या मनोव्यापाराविषयी जे कळले आहे, तेही याच मार्गाने कळले. 2009 साली इंडोनेशियाच्या समुद्रतळावर, नारळाच्या करवंट्या बरोबर वाहून नेणारा आणि संकटात दोन करवंट्या जोडून त्यांत लपणारा अष्टपाद वर्णिला गेला. ती जात भारताच्या किनाऱ्यावरही सापडते, आणि केरळ-कर्नाटकच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येते. हरवलेल्या शंखाची उणीव भरून काढण्यासाठी दुसऱ्याचे कवच उचलणारा हा प्राणी मला आपल्या कुळाची कैफियत देताना दिसतो. 2023 साली जपानमधील ओकिनावा येथील संस्थेतून, अदिती पोफळे ज्याच्या प्रथम लेखिका आहेत, असा एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यात निद्रिस्त अष्टपादाची त्वचा साधारण दर तासाला सुमारे मिनिटभर जागेपणीचेच नक्षीरंग भराभर धारण करते, मेंदूतील विद्युत्-हालचालही जागृतावस्थेसारखी होते, आणि ही निद्रा होऊ दिली नाही तर प्राणी ती पुढे लवकर भरून काढतो, असे दाखवले आहे. सस्तन प्राण्यांच्या स्वप्नयुक्त निद्रेशी याचे साम्य आहे. दोन इतक्या दूरच्या वंशांनी स्वतंत्रपणे असाच तोडगा काढला असेल, तर मोठ्या मज्जासंस्थेला अशा निद्रेची गरजच असते काय, हा प्रश्न उभा राहतो. आणि तो प्रश्न तेव्हाच विचारता येतो, जेव्हा अष्टपाद आणि आपण एकाच वंशवृक्षावर आहोत हे मान्य असते. परग्रहावरील प्राण्याशी तुलना करण्याला काही सामाईक आधारच उरत नाही.

विज्ञानात मन मोकळे ठेवले पाहिजे, हा उपदेश अशा वेळी मला केला जाईल, आणि तो मी आदरपूर्वक स्वीकारतो. माझे मन कशाने बदलेल, ते येथे लिहून ठेवतो. अष्टपादाच्या पेशीत जनुकीय अक्षरांची वाचनरीत पृथ्वीवरील इतर जीवांहून निराळी आढळली. किंवा त्याच्या शरीरातील एखादे महत्त्वाचे जनुककुल असे निघाले की, ज्याचा शिंपल्यांत, कृमींत वा अन्य कोणत्याही प्राण्यात लवलेशही नाही. किंवा त्याची गोठवलेली अंडी वितळवल्यावर मातेवाचून उबून त्यांतून पिल्ले निघाली. किंवा त्याच्या मूत्रपिंडात वस्ती करून राहणारे डायसायमिड हे परोपजीवी, जे तळाशी राहणाऱ्या शीर्षपादांखेरीज कोठेही राहत नाहीत आणि स्वतः निःसंशय पृथ्वीवरचे प्राणी आहेत, ते या आगंतुकाकडे कोठून व केव्हा आले याचा उलगडा झाला, तर मी या लेखातील विधाने जाहीरपणे मागे घेईन. आजवरचा पुरावा मात्र उलट दिशेने जातो. 2015 नंतर हवाईच्या समुद्रातील लहान माकुलाचे आणि इतर शीर्षपादांचे जनुकसंच वाचले गेले. त्यांच्या गुणसूत्रांत मोठी उलथापालथ झालेली आहे. परंतु त्या उलथापालथीतूनही शिंपल्यांच्या गुणसूत्रांवर ज्या जनुकांचे समूह एकत्र आढळतात, त्यांचे तुकडे माकुलात आणि अष्टपादात ओळखता येतात.